पल्लवीचा पाचवा फाउल

साल दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. त्याआधी भोपाळ मी एकदाच पाहिलं होतं, मेहुण्याच्या लग्नात, आणि तेही पंगतीत वाढता वाढता. म्हणजे पाहिलं नाही असंच धरा.

मी चौथी शिकलेला माणूस. वरूडच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून उभा जन्म गेला. पेट्यांवर गावांची नावं रंगवून रंगवून अक्षर वळलं, त्यामुळे ते मोठं आणि ठसठशीत आहे. मजकूर कसा आहे ते तुम्ही ठरवा. पण आमच्या गावच्या पोरींचा बास्केटबॉलचा संघ भोपाळला गेला आणि त्यांच्याबरोबर गेलेलं गावचं वडीलधारं माणूस मी एकटाच. तेव्हा लिहायचं तर मलाच लिहावं लागणार.

जायचं कसं ठरलं ते आधी सांगतो. आमच्या गावचं मुलींचं कॉलेज लहान आहे. खेळाचे एकच सर, ढोके सर. कबड्डीपासून बास्केटबॉलपर्यंत सगळं तेच शिकवतात. दरवर्षी पोरींबरोबर एक मॅडम जायच्या, त्यांचा पाय मोडला. मग पालक अडून बसले की एकट्या पुरुषमाणसाच्या भरवशावर आठ पोरी परराज्यात कशा पाठवायच्या. कॉलेजात बैठक झाली. कुणाचं सोयाबीन सोंगायला आलेलं, कुणाची सून बाळंतपणाला टेकलेली. मी मागच्या बाकावरून म्हणालो, मी जातो. दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, या म्हाताऱ्याला सांभाळायला आणखी एक माणूस पाठवावा लागेल. झालं. त्यानंतर मला ब्रह्मदेवही थांबवू शकला नसता.

माझं जाणं दुसऱ्या कारणानंही होतं. संघाची कप्तान पल्लवी ही माझी नात. तिचे आईबाप पुण्याला नोकरीला. पोर लहानपणापासून माझ्याजवळ. आणि या वेळी गोष्ट नुसत्या खेळाची नव्हती. संस्थेच्या अध्यक्षांनी ढोके सरांना बजावलं होतं की भोपाळात पहिल्या चारांत आलात तर संघ चालू, नाहीतर बंद. मैदानावर स्कूट्यांसाठी शेड टाकायची आहे, जागा नाहीतरी तिथंच आहे. पावसाळा सरता सरता, विद्यापीठाचे सामने सुरू व्हायच्या आधी, भोपाळचं एक कॉलेज ही निमंत्रणाची स्पर्धा भरवतं. मोठे संघ तिथं अंग मोकळं करायला येतात. आमच्या पोरी जीव वाचवायला निघाल्या होत्या.

मुलताईहून पुढे

वरूडहून जीपनं मुलताई आणि तिथून रेल्वे. मुलताईला तापी उगम पावते. पोरींनी कुंडावर जाऊन पाय धुतले आणि गाडी चुकता चुकता राहिली. बैतूलच्या पुढं घाट लागतो. सागाचं रान पावसानं असं काही धुतलेलं होतं की खिडकीतून हात काढला तर पानं पुसून घ्यावीत. नर्मदेचा पूल आला तसा सगळा डबा उठून खिडक्यांशी गेला. हात जोडले, नाणी टाकली. आमच्याकडं वर्धा नदी लागली तर माणूस म्हणतो, पाणी किती आहे बघ. इकडचे लोक नदीला आधी नमस्कार करतात, पाणी मग बघतात. मला हे आवडलं.

त्याच पुलावर शबनमनं नाक वर केलं. शबनम म्हणजे आमच्या संघातली सगळ्यात उंच पोरगी, बाजारातल्या कपडे शिवणाऱ्या रहीमभाईची मुलगी. जीभही तिची उंचीइतकीच. ती म्हणाली, आबाजी, लसणाचा वास कुठून येऊन राहिला? मी घरून मिरचीच्या ठेच्याची बरणी घेतली होती, परमुलखात जेवणाचे हाल नकोत म्हणून, आणि ती ठेवली होती पोरींच्या जर्सीच्या पिशवीत, कारण तिथं मऊ होतं. झाकण ढिलं झालं. आठ जर्स्यांपैकी पाचांवर तेल पसरलं. मुक्कामाला पोचल्यावर मी स्वतः साबण लावून घासल्या, डाग गेले, वास राहिला. पहिल्या सामन्यानंतर शबनम सगळ्यांना सांगत सुटली की आबाजींच्या ठेच्यामुळं समोरच्या पोरी आपल्याजवळ येत नव्हत्या, तरी आपण हरलो म्हणजे आपण किती वाईट खेळलो बघा.

बाग सेवनिया

आमची सोय बाग सेवनियातल्या एका शाळेत होती. दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. बाक भिंतीशी सरकवून खाली गाद्या टाकलेल्या. पोरी आत, ढोके सर हेडमास्तरांच्या खोलीत, आणि मी व्हरांड्यात, दाराला पाठ लावून. सर म्हणाले, आबा, आत झोपा, डास आहेत. मी म्हणालो, मी राखणीला आलो आहे, झोपायला नाही. डास मात्र होते.

आजूबाजूला सगळ्या वसाहती. होशंगाबाद रोडच्या बाजूला एकसारखी घरं, त्यांच्यासमोर एकसारख्या गाड्या. सकाळी नाक्यावर पोहे खायला गेलो. पोह्यांवर शेव, शेवेवर कांदा, वरून कसलातरी आंबटतिखट मसाला, आणि बाजूला कागदावर गरम जिलबी. पोह्याबरोबर जिलबी. मी त्या माणसाला म्हणालो, ये शादी का घर है क्या? आमच्या नागपूरकडं पोह्यावर चण्याची तर्री असते, डोळ्यांतून पाणी काढणारी. पोह्यानं माणूस जागा व्हायला पाहिजे, गोड खाऊन पुन्हा आडवा नाही व्हायला पाहिजे. तो हसून म्हणाला, बाबूजी, एक बार साथ में खाके तो देखो. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी न सांगता दोन जिलब्या मागितल्या. हे पोरींना सांगितलं नाही.

सामने टी. टी. नगरकडं होते. यजमानांनी पोरींसाठी गाडी दिली होती, तिच्यात मला जागा पुरायची नाही, म्हणून मी रिक्षानं. रिक्षावाला विचारी, को खां, कां जाओगे? पहिल्या दिवशी मला वाटलं हा मला पठाण समजला. नंतर कळलं, इथं सगळेच एकमेकांना तसंच म्हणतात. जुनी सरकारी घरं, आंब्याचिंचेची मोठी झाडं, कचेऱ्यांच्या बाहेर चहाच्या टपऱ्या, आणि एका गल्लीच्या शेवटी ते कॉलेजचं मैदान. सिमेंटची जमीन, बास्केटच्या मागं काचेसारख्या पारदर्शक फळ्या. आमच्याकडं फळी लाकडाची आहे आणि रिंगला जाळी नाही. शबनम त्या जाळीखाली उभी राहून चेंडू टाकायची आणि जाळीचा आवाज ऐकायची. पुन्हा टाकायची. एकदा म्हणाली, आबाजी, आवाज ऐका, पदर ओढल्यासारखा येतो नं.

बास्केटबॉल मला कळत नव्हता. मला कळते कबड्डी. तरुणपणी मी गावच्या संघात होतो, पंचक्रोशीत नाव होतं. या खेळाचं मला पल्लवीनं गाडीतच समजावलं होतं: चेंडू घेऊन पळायचं तर आपटत पळायचं, अंगाला धक्का द्यायचा नाही, दिला तर फाउल, आणि एकीचे पाच फाउल झाले की ती बाहेर. परत येता येत नाही. आमच्या कबड्डीत बाद झालेला परत येतो, एवढा फरक सोडला तर मला खेळ समजला असं मी धरून चाललो.

पहिला सामना यजमानांशी. त्या पोरी आमच्यापेक्षा वीतभर उंच. हरलो. पण दुसऱ्या दिवशी सागरकडच्या संघाला आमच्या पोरींनी असं पळवलं की मी काठी घेऊन उभाच. पल्लवी चेंडू घेऊन निघाली की बाकीच्या चौघी न बोलता आपापल्या जागी जायच्या, जशी घरात एक बाई उठली की बाकीच्यांना आपलं काम समजतं. तिच्याशिवाय हे चालत नाही, हे मलासुद्धा त्या दिवशी दिसलं. आता तिसरा सामना इंदूरकडच्या संघाशी. तो जिंकला की आम्ही चारांत.

इंद्रपुरी

त्या संध्याकाळी वसंतरावाकडं जेवायला बोलावणं होतं. वसंतराव म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आयटीआय करून इथल्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागला, रिटायर झाला, इंद्रपुरीत घर बांधून इथलाच होऊन गेला. बायको माझी गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण मेहुण्याचा थट्टा करायचा हक्क काही गेलेला नाही. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, आओ भाऊजी, जर्स्या धुऊन हात दुखले असतील नं? शबनमनं माझ्या फोनवरून त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

त्याच्या घरात मराठी बोलतात, पण ती मराठी पाण्यात भिजलेल्या चादरीसारखी हिंदीनं जड झालेली. सून म्हणाली, आबाजी, हात धुऊन घ्या, खाना लागला आहे. नातू म्हणाला, दादू, तुमची टीम सच में सेमीफायनल खेळणार? मी त्याला म्हणालो, अरे, आजोबा म्हण. वसंतराव म्हणाला, भाऊजी, जाऊ द्या, तो मला नाना म्हणतो आणि आईच्या वडिलांना दादाजी, आमच्याकडं सगळी नाती उलटीसुलटी झाली आहेत, पण जेवण सरळ आहे.

जेवायला दाल-बाफले. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. मी म्हणालो, हे आमचे रोडगेच, फक्त तुम्ही आधी आंघोळ घालता. आमच्याकडं रोडगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सरळ जातो, त्याला राखेचा वास लागतो, तीच त्याची चव. यावरून वसंतरावाची आणि माझी जुंपली. आठही पोरी हसत जेवत होत्या. शबनमनं चार बाफले खाल्ले आणि शेजारच्या दोघींच्या ताटातलं तूप निथळून घेतलं. ढोके सर पहिल्यांदाच हसताना दिसले. त्यांच्या तोंडून तेव्हा निघालं की उद्या जिंकलो तर सगळ्यांना तलावावर नेतो, बोटीत बसवतो.

मग मी बोलायला लागलो. जेवण चांगलं झालं, घर भरलेलं, ऐकणाऱ्या पोरी. मी कबड्डीचं सांगितलं. आमच्या वेळी पंच असला तर असला. हात लागला की ज्याला लागला तो स्वतः हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचा. पंचानं पाहिलं की नाही याची वाट बघायची नाही. एकदा अमरावतीच्या सामन्यात मला नखाएवढा स्पर्श झाला, माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी हात वर केला. सामना गेला, पण समोरच्या गावानं मला खांद्यावर घेतलं. हे मी पल्लवीला अंगणात शिकवलेलं आहे, लहानपणी लपाछपी खेळतानासुद्धा.

वसंतराव म्हणाला, भाऊजी, इधर ऐसा नहीं होता. इथं शिट्टी वाजली ते खरं. कारखान्यातसुद्धा सायरन वाजेपर्यंत शिफ्ट संपत नाही. मी म्हणालो, कारखान्याचं मला सांगू नको. आणि सगळ्यांसमोर पल्लवीला विचारलं, काय गं, न सांगता जिंकलीस तर घरी तोंड दाखवशील? ती पाणी पीत होती. पेला खाली ठेवून म्हणाली, नाही आबा. मी वसंतरावाकडं असं बघितलं, जसा मीच सामना जिंकला.

टी. टी. नगर

दुसऱ्या दिवशी उन्ह कडक होतं. इंदूरकडचा संघ मोठ्या कॉलेजचा, त्यांच्याबरोबर पाण्याच्या बाटल्या वाहणारी माणसंच आमच्या संघाएवढी. पण आमच्या पोरी दबल्या नाहीत. मध्यंतरापर्यंत बरोबरी, नंतर आम्ही मागे, मग पुन्हा बरोबरी. पल्लवीला तीन फाउल झाले, मग चौथा. ढोके सरांनी तिला थोडा वेळ बाहेर बसवलं, तसा चेंडू पुढं जाईना. मग परत आत घातलं. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो.

मी आमच्या बास्केटच्या बरोबर मागं बसलो होतो, रेषेपासून पाच हातांवर. यजमानांनी वय बघून खुर्ची दिली होती. तिथून जे दिसलं ते पंचाला दिसणं शक्य नव्हतं, त्यांच्या आणि चेंडूच्या मध्ये दोन पोरी होत्या.

त्यांची एक पोरगी चेंडू घेऊन आत घुसली आणि उडाली. पल्लवी आणि शबनम दोघी तिच्याबरोबर उडाल्या. पल्लवीचा हात तिच्या मनगटावर बसला. मी आवाज ऐकला. शिट्टी झाली. पंच पळत आले आणि त्यांनी बोटांनी अकरा दाखवला. अकरा म्हणजे शबनम. शबनमनं क्षणभरही वाट न बघता हात वर केला, मान हलवली, हो, माझाच. तिचे दोनच फाउल होते, तिला काही फरक पडत नव्हता. पल्लवी तिथंच उभी होती. तिचे हात कमरेवर होते, तोंड जमिनीकडं, आणि ती दम घेत होती.

आणि मी उठलो.

मी म्हणालो, साहेब, वो अकरा का नहीं. सात का है. मेरी नातिन का हाथ लगा.

पंच साधारण पन्नाशीचे, भोपाळचेच. ते हात जोडून म्हणाले, बाबूजी, आप बैठ जाइए. मी बसलो नाही. आयुष्यात मी कुणाच्या सांगण्यावरून बसलेलो नाही. मी म्हणालो, मैं उसका दादा हूँ, मैं झूठ क्यों बोलूंगा? ढोके सर बाकापासून उठून माझ्याकडं बघत राहिले. आणि मी पल्लवीकडं बघितलं.

तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग शबनमकडं बघितलं नाही, सरांकडं बघितलं नाही, हात वर केला.

पंच दुसऱ्या पंचाशी बोलले, टेबलाशी गेले, आणि फाउल बदलला. तिचा पाचवा. ती बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या संघाच्या माणसांनीसुद्धा वाजवल्या. मी मिशीवरून हात फिरवला. लपवत नाही, फिरवला.

पुढचं लवकर झालं. फाउलबद्दल मिळालेल्या दोन फेकींतून त्यांनी दोन गुण घेतले आणि एकानं पुढं गेल्या. आमच्या पोरी चेंडू घेऊन निघाल्या आणि त्यांना नेणारी कुणीच नव्हती, पाचजणी पाच दिशांना. शबनमनं शेवटी लांबून एक फेकला, तो रिंगवर फिरून बाहेर पडला. गेला सामना. पल्लवी बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती.

यजमान कॉलेजचे प्राचार्य माझ्याकडं चालत आले, हात हातात घेतला, ऐसे बुजुर्ग अब कहाँ म्हणाले. चहा मागवला. कुणीतरी माझा फोटो काढला. मी चहा प्यायलो. लोक माझ्याभोवती असताना ढोके सर मैदानाच्या कोपऱ्यात फोनवर बोलत होते. परत आल्यावर मी विचारलं, अध्यक्ष काय म्हणाले? सर म्हणाले, "बरं" म्हणाले. फक्त बरं म्हणाले.

परतताना मला गाडीत बसवलं, खिडकीजवळची जागा दिली. पोरी दाटीवाटीनं बसल्या. शबनमनं पाण्याची बाटली पुढं केली, पण आबाजी म्हणाली नाही. गाडी तलावाच्या कडेनं गेली. पाणी उजवीकडं होतं, मी डावीकडं. पोरींच्या डोक्यांमधून मला एक पांढरी पट्टी दिसली, तेवढंच. तर भोपाळला दोनदा जाऊन तलाव न पाहिलेला माणूस मी आहे.

परत बाग सेवनिया

दिवस मावळायला शाळेच्या मागच्या नळावर पल्लवी एकटी जर्स्या धूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या-सहाव्या नंबराचा सामना होता. त्याला काही अर्थ नव्हता, पण खेळावा लागतो. संघाचा तो शेवटचा सामना होता हे सगळ्यांना माहीत होतं.

मी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं पोर रडेल आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवीन. मी म्हणालो, पल्ली, तू आज माझं नाव राखलंस.

ती जर्सी पिळत राहिली. मग म्हणाली, "आबा, तुमच्या कबड्डीत हात कोण वर करे?"

मी म्हणालो, ज्याला लागला तो.

"का त्याचा आबा?"

मी म्हणालो, पण तू गप्प उभी होतीस.

"दम घेऊन राहिली होती मी. शबनमनं हात वर केला तं मले समजलंच नाही काय करू. तिच्या हाताले खोटं पाडू का, का गप राहू. एक श्वास घेतला होता फक्त." तिनं जर्सी दोरीवर टाकली. "मी केला असता आबा वर. कदाचित केला असता. कदाचित नसता केला. आता मले हे कधीच समजणार नाही. तुम्ही तेवढंही माह्यापाशी ठेवलं नाही."

मी म्हणालो, मी खोटं बोललो नाही.

"नाही बोलले," ती म्हणाली. "पण लोकांनी टाळ्या तुमच्यासाठी वाजवल्या. शबनम खोटी ठरली, मी आबाच्या भीतीनं हात वर करणारी ठरली, अन् संघ गेला. उद्याच्याले तुम्ही येऊ नका."

आवाज चढवून बोलली असती तर मी उलट बोललो असतो. ती हळू बोलली.

मी खोटं बोललो नाही, हे आजही म्हणतो. फाउल तिचाच होता. शंभर पंच आणा. पण आमच्या कबड्डीतली रीत ही होती की ज्याचा हात, त्याचा शब्द. मी तिला ती रीत शिकवली आणि ऐन वेळी तिच्या हातातून काढून घेतली. अमरावतीच्या सामन्यात कुणी गर्दीतून ओरडलं असतं की याला लागला, तर मला त्यांनी खांद्यावर घेतलं असतं का? आणि मला स्वतःला मी कोण आहे ते कळलं असतं का? हा विचार मला तेव्हा सुचला नाही. चहा पिताना तर मुळीच नाही.

गावी आल्यावर दिवाळीच्या आधी बास्केट उतरवली. पत्र्याची शेड झाली, स्कूट्या लागतात. ढोके सर आता फक्त कबड्डी शिकवतात. पल्लवी मला ताट वाढते, औषधाची आठवण करते, पण खेळाचं बोलत नाही. शबनम बाजारात भेटली की आबाजी म्हणते, पूर्वीसारखीच हसते, आणि त्यानं मला जास्त लागतं. अध्यक्षांकडं मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, आबा, तुमचा फोटो पाहिला, अभिमान वाटला. मी उठून आलो.

असो. भोपाळचं सांगत होतो. त्या संध्याकाळी नळावरून मी व्हरांड्यात आलो ते मनाशी ठरवून की हिच्या सांगण्यावरून मी थांबणार नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जाऊन बसेन. मला येऊ नको म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे, असं मी आजवर प्रत्येकाला म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मी धोतर नेसून, टोपी घालून तयार होतो. चेंडूंची जाळी मी गाडीत ठेवली, पाण्याचे कॅन ठेवले. पोरी बसल्या. शबनमनं सरकून जागा केली आणि म्हणाली, या नं. पल्लवी समोर बघत होती. ढोके सर मला विचारायला वळले, तसा मी म्हणालो, तुम्ही निघा, ऊन होईल. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा राहिलो. मग शाळेचं फाटक ओढून घेतलं, आतून कडी घातली, आणि पोरी येईपर्यंत तिथंच बसलो. आल्यावर मी कुणालाही विचारलं नाही काय झालं.